नारिंगी नाक आणि काळी चिंधी

मित्रांनो, मी एक जुना ब्लास्टर आहे, आणि जवळजवळ जन्मापासूनच भित्रा आहे. हसू नका. ब्लास्टर म्हणजे फोमच्या मऊ कांड्या उडवणारी खेळण्यातली बंदूक. बंदुकीच्या जातीत जन्म घ्यायचा आणि दार जोरात आपटलं तरी थरथरायचं, हे किती अवघड असतं ते माझं मलाच ठाऊक. पण माझी भीती उगाचची नाही, बरं का. मला कुणी मोडेल याची भीती मला कधीच वाटली नाही. माझ्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल, या एका धास्तीने मी अर्धा झालो आहे.

माझा जन्म अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात झाला. भाड्याचं टाउनहाऊस, खाली गॅरेज, आणि त्या गॅरेजमध्ये दोन हजार चार सालचा उकाड्याचा ऑगस्ट. मला घडवणारी अहिल्या ही नागपूरची मेकॅनिकल इंजिनिअर. तिचा नवरा सिद्धेश सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्याच्या व्हिसाचं बोट धरून ती इथे आली होती. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायला मनाई. आता कॉलेजात लेथ मशीन चालवलेले हात दिवसभर पोळपाटाशी किती रमणार? एकदा शेजारच्यांनी घरातलं जुनं सामान अंगणात मांडलं होतं. त्यात तिला एक मोडकी फोमची बंदूक मिळाली. तिने ती खोलली, दुरुस्त केली, आत जाड स्प्रिंग बसवली, आणि बाईसाहेबांना नादच लागला! मग इंटरनेटवर असेच हौशी लोक सापडले. कुणी दुकानातली बंदूक खोलून तिची ताकद वाढवायचं, कुणी नळाच्या पाइपातून नवीनच बनवायचं. अहिल्याने ठरवलं, आपणही नवीनच बनवायची.

माझं अंग करड्या पाइपचं आहे, विजेच्या तारा ज्यातून नेतात त्या. आत सायकलच्या पंपात असतो तसा दट्ट्या आणि त्याच्यामागे स्प्रिंग. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते आणि दट्ट्या खाचेत अडकून बसतो. चाप म्हणून तिने काय लावलं असेल, ओळखा पाहू? कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा! चिमटा दाबला की दट्ट्या सुटतो, हवेला ढकलतो, आणि पुढच्या नळीतली कांडी ‘फट्’ करून उडते. कांड्याही घरच्याच. खिडकीच्या फटी बुजवायला फोमची दोरी मिळते, ती बोटभर कापायची आणि टोकाला मऊ चकती चिकटवायची. पहिली कांडी अहिल्याने स्वतःच्या तळहातावर झाडून बघितली.

अंगाला दुसरा कुठलाही रंग लावायच्या आधी तिने माझं नाक रंगवलं. भडक नारिंगी. “हे टोक दिसलं की लोकांना लांबून कळतं, खेळणं आहे म्हणून,” ती सिद्धेशला म्हणाली.

सिद्धेश गॅरेजच्या दारात उभा होता. त्याला आत यायलाही धीर होत नव्हता. “अगं, तू समजून घे ना यार. आपण ब्राउन लोक. गॅरेजमध्ये पाइप कापतोय, बॉक्समधून स्प्रिंगा येतायत. कुणी रिपोर्ट केलं तर? आणि उद्या बाहेर कुणाला ही खरी वाटली तर? इथे पोलीस आधी विचारत बसत नाहीत अहिल्या, आधी गोळी घालतात.”

न्यू यॉर्कचे ते उंच मनोरे पडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. सिद्धेश अजूनही विमानतळावर जाताना गुळगुळीत दाढी करूनच जायचा. त्याचं ते बोलणं मी नीट ऐकलं. तोवर मला वाटत होतं की आपण एक मजेचं खेळणं आहोत. त्या दिवसापासून मी एकच विचार करू लागलो. मी कुणाला खरा वाटलो, तर अहिल्याचं काय होईल?

मला धीर दिला तो सुमित्राबाईंनी. त्या सिद्धेशच्या आई. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि सुनेला पाइप धरून द्यायच्या. “काय करून राहिली गं? ही तर पिचकारी!” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पिचकारी! किती गोड नाव. पिचकारीला कोण भितं? मी मनातल्या मनात त्या नावाला घट्ट धरून बसलो.

माझा दट्ट्या आत घासत होता. जाणकार लोकांनी सिलिकॉनचं ग्रीस सांगितलं होतं, पण ते पोस्टाने यायचं होतं. सुमित्राबाई वर गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. “शिलाई मशीनला मी हेच घालते. हिला काय धाड भरली?” ऑगस्टच्या उकाड्यात तेल छान पाण्यासारखं पातळ होतं. दट्ट्या कसा सुळकन सरकायला लागला! पुढे ग्रीसची ट्यूब आली, पण चालतंय म्हटल्यावर मला पुन्हा कोण खोलत बसतंय? ती तशीच फळीवर पडून राहिली.

मग माझे सुखाचे दिवस आले. शनिवारी सगळे मैदानावर जायचे. सिद्धेशचा मित्र केदार आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी हिमानी हमखास असायचे. डोळ्यांना जाड चष्मे लावायचे आणि मग पळापळ. खरं सांगतो, तिथेही मी आधी इकडेतिकडे बघून घ्यायचो. रस्त्यावर गाडी थांबली की माझं धाबं दणाणायचं. पण हिमानी खिदळत पळायची, अहिल्या लहान मुलीसारखी झाडामागे लपायची, आणि मला थोडा वेळ विसर पडायचा. “काय रेंज आहे यार!” केदार ओरडायचा. “दुकानातल्यापेक्षा डबल! वहिनी, तुम्ही कंपनी काढा.” माझी एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती.

आणि तिथेच घात झाला. त्या कौतुकानंतर दोनच दिवसांनी करवत सटकली आणि अहिल्याचं बोट चांगलंच कापलं. सुमित्राबाईंनी हळद दाबली आणि निकाल देऊन टाकला. “दृष्ट लागली. सगळ्यांचा डोळा आहे ह्या पिचकारीवर.” अहिल्या हसली. सिद्धेशनेही आईची थट्टा केली. पण त्यांच्या मनातून ते काही गेलं नाही.

ऑक्टोबर आला. थंडी पडली. अमेरिकेत सण पंचांग बघून येत नाहीत, शनिवार-रविवार बघून येतात. तसा आमचा दसरा शनिवारी ठरला आणि खंडेनवमीची पूजा शुक्रवारी संध्याकाळी. सुमित्राबाईंनी गॅरेजमध्येच खोक्यावर खण अंथरला. उदबत्तीने घरातला धुराचा अलार्म वाजतो ना, म्हणून गॅरेज बरं. ड्रिल, करवत, पाना-पक्कड, सिद्धेशचा लॅपटॉप आणि मध्यभागी मी. आम्हा सगळ्यांना त्यांनी एकेक करून पुसलं. मला तर त्यांनी पुन्हा तेल पाजलं, अगदी हात सैल सोडून. “सणाला कोरडी नको राहायला.” मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि शेवटी त्यांनी जुन्या पोलक्याची काळी चिंधी घेतली आणि दृष्ट लागू नये म्हणून माझ्या नाकाभोवती गुंडाळली. घट्ट, चार वेढे. माझं नारिंगी नाक दिसेनासं झालं.

मला बोलता आलं असतं तर मी किंचाळलो असतो. अहिल्याने पाहिलं. तिचा हात चिंधीकडे गेला. पण सासूबाई हात जोडून डोळे मिटून उभ्या होत्या, अगदी लेकीसाठी मागावं तसं काहीतरी पुटपुटत होत्या. आईंचं मन कशाला मोडायचं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं म्हणून तिने ती चिंधी राहू दिली. पूजेतल्या वस्तूंना उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून रात्रभर आम्ही तिथेच बसलो. गॅरेजमध्ये गारठा वाढत गेला. माझ्या पोटातलं तेल आधी दाट झालं, मग पांढरं झालं. नागपूरच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं घट्ट होतं, तसंच. मला श्वास घेता येईना.

शनिवारी दिवेलागणीच्या सुमाराला केदारची मंडळी आली. हिमानीने अंगणातली मेपलची पिवळी पानं सोनं म्हणून वाटली. मग तिने हट्ट धरला. “काकू, कॅन आय सी द ब्लास्टर? प्लीज, जस्ट वन शॉट?”

पोरीचं मन राखायला सुमित्राबाईंनी आपला नियम मोडला. “उत्तरपूजा नंतर करू. दाखव तिला. फक्त खाली नको ठेवू गं, पूजेतली आहे. पाय लागायचा कुणाचा.”

अहिल्याने मला गॅरेजमधून आणलं, कांडी भरली, दांडा ओढला. तो करकरत कसाबसा मागे आला. तिने चिमटा दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. ढिम्म! स्प्रिंग दबलेली, कांडी भरलेली, आणि दट्ट्या गोठलेल्या तेलात रुतून बसलेला. अडकलेला ब्लास्टर माणसांत ठेवायचा नाही, हा अहिल्याचाच नियम. “हिमानी, तू आतच थांब,” म्हणून ती मला घेऊन एकटीच मागच्या पार्किंगमध्ये आली. सगळ्यांना सांभाळायला म्हणून ती बाहेर आली, हे लक्षात ठेवा.

दोन गाड्यांच्या मध्ये ती उकिडवी बसली. मागच्या फटीतून तिला पांढरं तेल दिसलं. “अगं बाई, खोबरेल!” ती स्वतःशीच हसली. तिने माझं अंग दोन्ही तळहातांत धरलं आणि ऊब द्यायला सुरुवात केली. मधूनच फुंकर घालायची. चिंधी काढायची तिला आठवणच राहिली नाही. आता तुम्ही लांबच्या खिडकीतून बघा. अंधार पडत आलाय. एक बाई गाडीआड दबून बसली आहे. हातात लांब, करडी वस्तू, तोंड काळं. कुणीतरी बघितलं आणि फोन केला. कुणी, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आणि मी त्या माणसाला दोषही देत नाही. तोही घाबरलाच असणार.

गाडी भोंगा न वाजवता आली. दार उघडलं. दाराच्या आडून एक तरुण पोलीस उभा राहिला आणि त्याच्या हातात ती होती. माझ्याच जातीची, पण खरी. मित्रांनो, खरी बंदूक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिला नारिंगी नाक नव्हतं.

“ड्रॉप द वेपन! ड्रॉप इट नाऊ!”

अहिल्या दचकून उभी राहिली.  डोकं बंद पडलं की हात आपलं शिकलेलं काम करतात. आणि तिच्या हातांना लहानपणापासून एक गोष्ट माहीत होती. हळदकुंकू वाहिलेली वस्तू भुईवर टाकायची नसते. तिने मला टाकलं नाही. पूजेचं ताट ठेवावं तशी ती मला दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाकायला लागली. आणि वाकताना माझं काळं तोंड त्या पोलिसाकडे वळलं.

“डोन्ट मूव्ह! डोन्ट मूव्ह!”

ती अर्धी वाकलेली तशीच थिजली. आधी टाक म्हणतो, मग हलू नको म्हणतो, माणसाने करायचं काय? मी सरळ त्याच्या छातीकडे बघत होतो. आणि त्याच क्षणी मला माझ्या पोटात काहीतरी सैल होताना जाणवलं. तेल! तिच्या तळहातांच्या उबेने तेल वितळायला लागलं होतं. दट्ट्या केसभर सरकला. तो आता सुटला असता तर ‘फट्’ असा आवाज झाला असता, कांडी त्याच्या अंगावर गेली असती, आणि त्याने जे केलं असतं ते मी आजही मनात आणू शकत नाही. सगळी खेळणी देवाकडे नीट चालायचं वरदान मागतात. मी म्हणालो, देवा, मला अजून थोडा वेळ बिघडलेला राहू दे. गोठून राहू दे मला. पण तिचे हात गरम होते हो. किती गरम होते.

वर काचेच्या दारामागे हिमानी दोन्ही मुठी आपटत होती. “इट्स फोम! इट्स अ टॉय!” बंद काचेतून काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात दार सरकलं आणि सुमित्राबाई गॅलरीत आल्या. खालचं दृश्य त्यांनी एका नजरेत ओळखलं. आयुष्यभर ज्यांनी देवाच्या फुलालाही पाय लागू दिला नव्हता, त्या जीव तोडून ओरडल्या.

“अहिल्या, टाक ती! टाक गं पोरी! देवाची समजूत मी काढते, तू टाक!”

अहिल्याचे हात उघडले.

मी डांबरावर नाकावर आपटलो. मूठ तुटली, चिमटा उडून गेला, दट्ट्या सुटला, आणि ‘फट्’ झालं. कांडी जमिनीवरून घरंगळत गेली आणि त्या पोलिसाच्या बुटाला लागून थांबली. मी जमिनीवर पडल्या पडल्या त्याच्या बोटाकडे पाहत होतो. बोट थरथरलं. पण दाबलं गेलं नाही. कारण समोर अहिल्याचे दोन्ही हात वर होते आणि रिकामे होते.

त्या तळव्यांवर माझं कुंकू लागलं होतं. “मॅम, आर यू ब्लीडिंग?” त्याचा आवाज एकदम पोरसवदा झाला. ती मान हलवत राहिली.  त्याने मला बुटाने बाजूला सारलं, मग उचललं. आपटल्यामुळे चिंधी सरकली होती आणि खालून नारिंगी नाक डोकावत होतं. तो त्या नाकाकडे बघत राहिला. मग फुटपाथच्या कडेला मटकन बसला. “आय ऑलमोस्ट...” एवढंच म्हणाला.  

सिद्धेश दोन्ही हात वर करून एकेक पाऊल टाकत खाली आला. त्याच्या मागून सुमित्राबाई. मुलाने हात वर केले म्हणून त्यांनीही केले होते, आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. ते बघून मात्र मला रडू आलं. त्यांनी माझ्या नाकावरची चिंधी स्वतः सोडली. “मी बांधली,” त्या पोलिसाला मराठीत सांगत होत्या, “मी बांधली रे बाबा, तिने नाही. पिचकारी आहे ही, पिचकारी.” त्याला एक अक्षर कळलं नसेल. तरी तो मान डोलावत होता. जाताना तो अहिल्याला म्हणाला, “कीप दॅट ऑरेंज व्हेअर पीपल कॅन सी इट.”

मला कपाटात बॅगांच्या मागे टाकण्यात आलं. अशा वेळी जुन्या वस्तू फार दुःख करतात म्हणे. मी तर सुटलो म्हणालो. अंधार, धूळ, कुणाची नजर नाही, कुणाला धोका नाही. पण फटीतून मला अहिल्या दिसायची. दाराची बेल वाजली की तिचा चेहरा पांढरा पडायचा. ती दिवसभर टीव्हीसमोर बसायची आणि तिचे ते कामसू हात मांडीवर नुसते पडून असायचे. सिद्धेश ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाला नाही. भला माणूस. पण तिचे ते हात बघवत नव्हते.

परत जायच्या आधी सुमित्राबाईंनी मला बाहेर काढलं. त्यांच्या सांगण्यावरून सिद्धेश, हो, तोच घाबरट सिद्धेश, स्वतः दुकानात जाऊन रंगाचा डबा घेऊन आला. सुमित्राबाईंनी ब्रश घेतला आणि मला नखशिखांत झेंडूच्या रंगाने रंगवून काढलं. नाक, अंग, मूठ, सगळं. आता मी चांगला लांबलचक गाजरासारखा दिसतो. “आता झाकायचं म्हटलं तरी कुठं कुठं झाकशील?” त्या सुनेला म्हणाल्या. अहिल्या हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिने मूठ जोडली, नवा चिमटा लावला, मला खोलून खोबरेल पुसून काढलं आणि फळीवरचं ते ग्रीस एकदाचं भरलं. मैदानावर न्यायचा तर बंद खोक्यातून, आणि तिथल्या लोकांना आधी सांगून, हा नवा नियम झाला.

त्याला आता चार वर्षं झाली. अहिल्याला नोकरी करायची परवानगी मिळाली. ती कामावर जाते आणि मी बराचसा वेळ फळीवर असतो. माझ्या पाइपला तडा आहे आणि भीती अजून गेलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं मागणं मागतो. मला जपू नका. कितीही प्रेम असलं तरी माझं नाक झाकू नका. आणि कुणी कधी घाबऱ्या आवाजात ‘टाक’ म्हणालं, तर माझ्यावर कुंकू आहे का फूल आहे ते बघत बसू नका. मला टाका. मी काय, पाइप आणि चिमटा. तुमच्यासारखं दुसरं कुणी दुकानात मिळत नाही.

म्हणून आमच्या घरी एक नवी रीत सुरू झाली आहे. दर दसऱ्याला अहिल्या माझी पूजा करते, हळदकुंकू लावते, मला दोन्ही हातांनी उचलते, आणि हिमानी आणि इतर मुलांसमोर सरळ फरशीवर सोडून देते. धाडकन आवाज होतो. एखादा टवका उडतो. मग नागपूरहून फोन येतो.

“टाकलीस ना गं पिचकारी?”

“टाकली, आई.”

तेव्हा कुठे माझ्या स्प्रिंगची थरथर थांबते.